आरोग्यचिंतन : कार्डिओग्राममध्ये न उमटणारे चोवीस गुण

यावलसारख्या गावात घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीच्या छातीत दुखू लागले, म्हणजे पहिला तास कसा जातो हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. आधी ओवा आणि सैंधव दिले जाते, मग गॅसची गोळी. पुढे घाम फुटला आणि जीव घाबरा झाला म्हणजे दुकानातून मुलाला बोलावणे जाते. गावातील डॉक्टर कार्डिओग्राम काढतात, त्याचे छायाचित्र मोबाइलवरून जळगावच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जाते, आणि ‘ॲटॅक दिसतो, ताबडतोब घेऊन या’ असा निरोप येतो. गाडी तापी ओलांडून भुसावळमार्गे जळगावला पोहोचते, अँजिओग्राफी होते. आणि मग ज्याची कोणालाच अपेक्षा नसते असे वाक्य कानी पडते : हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, कोठेही अडथळा नाही.

घरच्यांना हायसे वाटते. नातेवाइकांना दूरध्वनी जातात, ‘काही निघाले नाही, टेन्शनमुळे झाले’ असे सांगितले जाते. येथपर्यंतची हकीकत खरी असते. ‘काही निघाले नाही’ हे मात्र खरे नसते. रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही हृदयाचा स्नायू त्या क्षणी निम्म्याहून अधिक दुबळा झालेला असू शकतो. त्या आजाराला नाव आहे, त्याची लक्षणे कार्डिओग्रामच्या पट्टीवर उमटतात, आणि पुढील काही दिवसांत धोका किती आहे ह्याचा काही अंदाजही त्याच पट्टीवरून बांधता येतो. काही अंदाज, संपूर्ण नव्हे. आणि उरलेला भाग कोठून येतो हे व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षपूर्वक समजून घेण्यासारखे आहे.

हा आजार प्रथम नोंदवला तो जपानमध्ये. हिरोशिमा येथील डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली त्याला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले. आजाराच्या तीव्र अवस्थेत हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावताना त्याचे टोक फुगलेलेच राहते आणि वरचा भाग तेवढा आवळला जातो. म्हणजे तळाशी गोल आणि गळ्याशी अरुंद असा आकार दिसतो. जपानी मच्छीमार ऑक्टोपस पकडण्यासाठी ज्या आकाराचे मडके समुद्रात सोडतात त्याचे नाव ह्या आजाराला मिळाले. जैन वाचकांना हे नाव फारसे रुचणार नाही. आकार लक्षात राहण्यासाठी आपल्या घरातील चंबू पुरेसा आहे. इंग्रजीत लोक ह्याला ‘भग्न हृदयाचा विकार’ म्हणतात. ते नाव कानाला गोड लागते, पण दिशाभूल करते, कारण त्यामुळे आजार काव्यातला वाटतो आणि अतिदक्षता विभागातला वाटत नाही.

मनावरील आघाताने स्नायू कसा दुबळा होतो, ह्याचे सर्व दुवे अजून जुळलेले नाहीत. मुख्य संशय मात्र ॲड्रिनालिन आणि त्याच्या कुळातील द्रव्यांवर आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली अशा १९ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. अचानक कोसळलेल्या भावनिक आघातानंतर हृदय असे फुगलेल्या ह्या रुग्णांच्या रक्तात ती द्रव्ये नेहमीच्या गंभीर हृदयविकाराच्या रुग्णांपेक्षाही दोन ते तीन पट अधिक आढळली. त्या १९ जणांत एकच पुरुष होता. संकटाच्या वेळी जीव वाचवण्यासाठी शरीर जे द्रव्य सोडते, तेच अतिरेकाने हृदयाच्या स्नायूला बधिर करते, असे आज मानले जाते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हे अधिक का घडते, ह्याचे कारण संप्रेरकांच्या ओसरण्यात शोधले जाते.

ह्या विकाराची सर्वांत मोठी नोंद झुरिचच्या पुढाकाराने झाली. युरोप आणि अमेरिकेतील रुग्णालयांमधून १,७५० रुग्णांची माहिती एकत्र करून ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यांत सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६६ वर्षांच्या पुढचे होते. ज्यांना वाटते की हा आजार केवळ दुःखाचा आहे, त्यांनी पुढचा आकडा पाहावा : भावनिक आघात सुमारे २८ टक्के रुग्णांत आढळला, तर शारीरिक आघात, म्हणजे शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, दम्याचा जोराचा झटका, अस्थिभंग, मेंदूतील रक्तस्राव ह्यांसारखे कारण, ३६ टक्क्यांत. २८ टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांत कोणतेच कारण सापडले नाही. आणि रुग्णालयात असताना होणारे गंभीर उपद्रव व मृत्यू ह्यांचे प्रमाण नेहमीच्या हृदयविकाराच्या तोडीचे निघाले. ‘टेन्शनमुळे झाले’ ह्या शब्दांनी ज्याची बोळवण केली जाते, त्याचे हे खरे वजन आहे.

आनंदही ह्याला कारण ठरतो, ही गोष्ट त्याच नोंदींतून २०१६ साली पुढे आली. भावनिक कारण असलेल्या ४८५ रुग्णांपैकी २० जणांच्या बाबतीत ते कारण सुखाचे होते. लग्न, वाढदिवस, नातवंडाचा जन्म असे प्रसंग त्यांत होते. प्रमाण अल्प आहे, परंतु लग्नमंडपात किंवा वरघोड्याच्या गर्दीत एखादी आजी छातीवर हात ठेवून खाली बसली, तर ‘आनंदाने भरून आले’ एवढ्यावर थांबू नये, इतके शिकवण्यास ते पुरेसे आहे. सामूहिक आघाताचेही दाखले आहेत. जपानच्या निगाता प्रांतात २३ ऑक्टोबर २००४ रोजी भूकंप झाला, त्यानंतर त्या भागात ह्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतरही तेच दिसले.

स्त्रियांचा आजार म्हणून पेढीवर बसणाऱ्याने मात्र निश्चिंत राहू नये. अमेरिकेतील रुग्णालयांत २०१६ ते २०२० ह्या काळात ह्या विकारासाठी झालेल्या सुमारे २ लाख प्रवेशांचा अभ्यास झाला. त्यात स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण ५.५ टक्के, तर पुरुषांमधील ११.२ टक्के होते. पुरुषांना तो क्वचित होतो, पण झाला म्हणजे अधिक घातक ठरतो. पुरुषांत त्याचे निमित्त बहुधा दुसरा एखादा गंभीर शारीरिक आजार असतो, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते.

आता कार्डिओग्रामकडे वळावे. हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्थोव्हेन ह्यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हे यंत्र सिद्ध केले. त्या पहिल्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवण्यास पाच माणसे लागत, आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. पी, क्यू, आर, एस, टी ही तरंगांची नावेही त्यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम हातात मावणारे यंत्र करते, आणि पट्टीवरील चौकटींचा हिशेब शंभर वर्षांनंतरही बहुतेक तोच आहे. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर ह्या गतीने सरकतो. लहान चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद, मोठी म्हणजे २००.

ह्यातील एक अंतर ह्या लेखात वारंवार येणार आहे, म्हणून ते नीट पाहावे. क्यू ह्या तरंगाच्या आरंभापासून टी ह्या तरंगाच्या शेवटापर्यंतच्या काळास ‘क्यूटी’ म्हणतात. हृदयाचा खालचा कप्पा विजेने उत्तेजित होऊन पुन्हा पूर्ववत होण्यास लागणारा तो वेळ होय. नाडी जलद असली की तो आपोआप आखूड होतो, म्हणून नाडीच्या गतीप्रमाणे त्यात दुरुस्ती करावी लागते. बॅझेट ह्यांनी १९२० साली दिलेले सूत्र आजही सर्वत्र वापरात आहे. दोन ठोक्यांमधील अंतर सेकंदांत घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि मोजलेल्या क्यूटीला त्याने भागावे. मिनिटाला ६० ठोके असतील आणि क्यूटी ४०० मिलिसेकंद असेल, तर दुरुस्त क्यूटी ४०० च राहतो, म्हणजे उत्तम. तेच ४०० मिलिसेकंद मिनिटाला १०० ठोके असताना आढळले, तर दोन ठोक्यांमधील अंतर ०.६ सेकंद, त्याचे वर्गमूळ ०.७७५, आणि दुरुस्त क्यूटी सुमारे ५१६ येतो. नाडी जलद असता हे सूत्र थोडे वाढवून सांगते हा त्याचा दोष ठाऊक आहे. तरीही स्त्रियांत ४६० पर्यंतचा आकडा सर्वसाधारण आणि ५०० च्या पुढचा धोक्याचा, ही खूणगाठ डॉक्टर सर्वत्र बाळगतात. एकच रक्कम, पण मुदत वेगळी म्हणून जोखीम वेगळी, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिल्या तासाचा प्रश्न मात्र अंतराचा नसतो, ओळखीचा असतो. ताकोत्सुबोच्या आरंभीच्या पट्टीत ‘एसटी’ हा भाग पुष्कळदा उंचावलेला दिसतो, आणि मोठ्या हृदयविकारातही नेमके तेच दिसते. जपानी संशोधकांनी २०१० साली काही बारकावे दाखवून दिले : ताकोत्सुबोमध्ये उजव्या खांद्याकडून पाहणाऱ्या ‘एव्हीआर’ ह्या नोंदीत एसटी खाली गेलेला असतो, आणि छातीवरील पहिल्या, ‘व्ही-१’ ह्या नोंदीत तो उंचावलेला नसतो. त्यांच्या रुग्णांत ही जोडी फार विश्वासार्ह ठरली. परंतु इतर ठिकाणी तिच्यावर तेवढाच भरवसा टाकता आला नाही, आणि आजचे तज्ज्ञ स्पष्ट सांगतात की केवळ पट्टीवरून दोहोंत भेद करून थांबू नये.

तालुक्याच्या गावी ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. जेथे अँजिओग्राफीची सोय नाही तेथे एसटी उंचावलेल्या रुग्णास रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लवकरात लवकर द्यावे, असा नियम आहे, आणि खऱ्या हृदयविकारात त्याने जीव वाचतो. ताकोत्सुबोत गुठळी नसतेच. तेथे ते इंजेक्शन निरुपयोगी असते आणि रक्तस्रावाचा थोडा धोका तेवढा पदरी पडतो. तरीही ‘आईला नुकतेच दुःख झाले आहे, म्हणजे हे तेच असेल’ असा तर्क करून घरच्यांनी डॉक्टरांना थोपवू नये. दुःखाच्या आठवड्यात खरा हृदयविकारही होतो, किंबहुना अधिक होतो. पहिल्या तासात प्रत्येक असा रुग्ण हृदयविकाराचाच मानावा, हे कठोर वाटले तरी शहाणपणाचे आहे.

तर मग भेद करण्यास डॉक्टर काय वापरतात? २०१७ साली झुरिचच्या त्याच गटाने शंभर गुणांची एक पद्धत प्रसिद्ध केली. रुग्ण स्त्री असल्यास २५ गुण. भावनिक आघात झालेला असल्यास २४. शारीरिक आघात असल्यास १३. कार्डिओग्राममध्ये एव्हीआर वगळता एसटी कोठेही खाली गेलेला नसल्यास १२. पूर्वीचा वा चालू मानसिक आजार ११, मेंदू व मज्जासंस्थेचा आजार ९, आणि दुरुस्त क्यूटी लांबलेला असल्यास ६. ज्यांचे गुण ५० वा त्याहून अधिक भरले, त्यांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण खरोखरच ताकोत्सुबोचे निघाले; ३१ वा त्याहून कमी गुण असलेल्यांत जवळजवळ तितकेच रुग्ण नेहमीच्या हृदयविकाराचे होते. एसटी उंचावलेला असेल तर गुण कितीही भरोत, अँजिओग्राफी टळत नाही, हेही त्याच डॉक्टरांचे म्हणणे आहे.

हा तक्ता हिशेबाच्या नजरेने वाचावा. शंभरपैकी कार्डिओग्रामच्या पट्टीचे गुण अवघे १८ आहेत. भावनिक आघाताचे एकट्याचे २४. आणि हे २४ गुण कोणत्याही यंत्रातून येत नाहीत. ते रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या तोंडून यावे लागतात. एक साठीतील श्राविका घ्यावी. स्त्री म्हणून २५, पट्टीत एसटी खाली नाही म्हणून १२, क्यूटी लांबला म्हणून ६ : बेरीज ४३. हा आकडा ना इकडचा ना तिकडचा. ‘चार दिवसांपूर्वी धाकट्या भावाच्या मृत्यूची बातमी कळली’ एवढे वाक्य डॉक्टरांच्या कानी पडले, की तीच बेरीज ६७ होते.

आणि नेमके हेच वाक्य व्यापारी घरांत सांगितले जात नाही. मृत्यूची गोष्ट बहुधा सांगितली जाते, कारण ती गावाला ठाऊक असते. जे सांगितले जात नाही ते वेगळे असते. कोणा आडत्याने केळीचे पैसे बुडवले. वादळात बागा आडव्या झाल्या आणि शेतकऱ्यांना दिलेली उचल अडकली. बँकेची नोटीस आली. तीन भावांची एकत्र पेढी दुभंगण्याच्या वाटेवर आहे. परगावी दिलेली मुलगी परत आली आहे. सून माहेरी गेली ती परतली नाही. पेढीची पत ही व्यापाऱ्याची सर्वांत मोठी ठेव असते, आणि ती सांभाळण्याची सवय इतकी खोल मुरलेली असते की अतिदक्षता विभागाच्या दारातही ती सुटत नाही. डॉक्टर विचारतात, ‘घरी काही ताण?’ मुलगा म्हणतो, ‘नाही, सर्व छान आहे.’ त्याच्या शेजारी त्याचा पाहुणा उभा असतो, समोर ओळखीचा औषधविक्रेता असतो; तो दुसरे काय म्हणणार?

पुष्कळदा पुरुषांना तो आघात ठाऊकही नसतो. दुकानातील तोटा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही, अशी समजूत असते. तो पोहोचतो, फक्त त्याविषयी कोणी बोलत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे दिवाळीला वहीपूजन पाहिले आहे, तिला घरातील पुरुषाच्या जेवणावरून त्या वर्षीचा ताळेबंद कळतो. म्हणून हा प्रश्न मुलाला विचारून भागत नाही. तो तिलाच विचारावा लागतो, एकटीला, आणि शक्य असल्यास बाई डॉक्टरांनी वा परिचारिकेने. घरच्यांनी करावयाची मदत इतकीच की त्यांनी थोडा वेळ बाहेर जाऊन बसावे. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट बाहेर न फुटणे हे त्यांच्या व्यवसायाचे बंधन आहे. आणि सर्वांसमोर सांगणे जड जात असेल, तर ‘आपल्याशी दोन मिनिटे एकांतात बोलायचे आहे’ असे म्हणण्यास कोणताही कमीपणा नाही.

हे सांगणे केवळ निदानासाठी उपयोगी पडते असेही नाही. पुढचा धोका किती, ह्याचा अंदाजही त्याच्याशी बांधलेला आहे. झुरिचच्या नोंदींनुसार भावनिक आघाताने हा विकार जडलेल्यांची पुढील वाटचाल शारीरिक कारणाने जडलेल्यांपेक्षा बरी असते, आणि मेंदूच्या तीव्र आजारातून उद्भवलेल्यांची सर्वांत कठीण. म्हणजे ज्या घराने दुःखाची बाब लपवली, त्याने रुग्णाविषयीची आशादायक माहितीच लपवली असे होते. शारीरिक कारण, मेंदूचा वा मानसिक तीव्र आजार, रक्तातील ट्रोपोनिनची मोठी वाढ आणि दाखल होताना हृदयाची कमी झालेली आकुंचनशक्ती, ही रुग्णालयातील उपद्रवांची स्वतंत्र पूर्वचिन्हे म्हणून २०१५ च्या अभ्यासात पुढे आली.

ह्यात कार्डिओग्रामचे स्थान कोठे? ते पहिल्या पट्टीत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीच्या पट्ट्यांत आहे. ताकोत्सुबोचा आलेख स्थिर नसतो. पहिल्या दिवशी उंचावलेला एसटी खाली उतरतो, मग टी हा तरंग उलटा होतो, एका एका नोंदीत खोल खड्ड्यासारखा दिसू लागतो, आणि त्याच वेळी क्यूटी लांबत जातो. ही लांबी साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. नेमके ह्याच दिवशी रुग्णाच्या छातीतील दुखणे थांबलेले असते, अँजिओग्राफी स्वच्छ आलेली असते, आणि घरचे सुटीची घाई करत असतात. ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलेल्या क्यूटीत हृदयाचे ठोके एकाएकी पिळल्यासारखे अनियमित व अतिजलद होण्याचा धोका असतो. फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन ह्यांनी १९६६ साली त्या पिळाचे वर्णन केले. तो काही क्षणांत आपोआप थांबला तर चक्कर येते. न थांबला तर मृत्यू ओढवतो. रुग्ण यंत्राच्या देखरेखीखाली असेल तर विजेचा झटका आणि शिरेतून मॅग्नेशियम देऊन त्याला वाचवता येते. घरी खाटेवर असेल तर ती संधी मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी ‘आणखी दोन दिवस मॉनिटरवर ठेवू’ असे म्हटले, तर त्यात बिल वाढवण्याचा हेतू शोधू नये. प्रत्येक ठिकाणी तो नसतोच असा दावा कोणी करणार नाही, पण ह्या आजारात त्या दोन दिवसांना वैद्यकीय कारण आहे. क्यूटीचा आकडा विचारावा. तो ५०० च्या वर असेल, तर प्रश्न तेथेच मिटतो.

पट्टीतील इतरही काही खुणा पुढच्या वाटचालीशी जोडलेल्या आढळल्या आहेत. हृदयाच्या वरच्या कप्प्याची थरथर, म्हणजे ज्यात नाडी पूर्णतः अनियमित होते ती अवस्था, ज्यांच्यात आढळली त्यांची वाटचाल अधिक कठीण होती. दाखल होताना नाडी फार जलद असणे आणि मधल्या क्यूआरएस तरंगाची रुंदी वाढलेली असणे हीही चांगली लक्षणे नव्हेत. उलटा झालेला टी घरच्यांना पाहून भीती वाटते, पण तो स्नायूला आलेल्या सुजेचे प्रतिबिंब असतो आणि काही आठवडे, कधी काही महिने तसाच राहतो. तो दिसतो म्हणून नवा ॲटॅक आला असे नव्हे. यंत्रबुद्धीने पट्टी वाचून हा विकार ओळखण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ज्या गावी हृदयरोगतज्ज्ञ नाही तेथे त्यांचा उपयोग होईल हे उघड आहे. परंतु घरातील दुःख विचारणारे यंत्र अजून कोणी केलेले नाही.

क्यूटी लांबवणारी कारणे केवळ हृदयात नसतात, औषधांच्या डब्यातही असतात. अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, उलटीसाठीचे ऑन्डान्सेट्रॉन, नैराश्यासाठीचे एस्सिटालोप्राम ही नावे डॉक्टरांना परिचित आहेत. घरोघरी गॅससाठी सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन असते. डोम्पेरिडोन ह्याच यादीत मोडते, आणि पॅन्टोप्राझोलसारखी औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास काहींच्या शरीरातील मॅग्नेशियम घटते. निरोगी माणसाला ह्याने सहसा काही होत नाही. ज्या स्त्रीचा क्यूटी आधीच ५२० झाला आहे तिची गोष्ट वेगळी. ‘ही तर साधी गॅसची गोळी, ती काय सांगायची’ असे न मानता घरातील सर्व औषधांची पाकिटे पिशवीत घालून रुग्णालयात न्यावीत. घरी परतल्यावर खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याचा प्रसंग आला, तर क्यूटी लांबल्याची नोंद असलेला कागद त्यांना दाखवावा.

आणि उपवास. हा विषय ह्या मासिकाच्या वाचकांसाठी सर्वांत नाजूक आहे, म्हणून तो टाळणे योग्य होणार नाही. शरीरातील पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटले की क्यूटी लांबतो, आणि दीर्घ उपवासात ते घटू शकते. निरोगी शरीर हे पुष्कळ काळ सांभाळून नेते. म्हणून दरवर्षी पर्युषणात शेकडो घरांत अठाई निर्विघ्न पार पडतात. ज्या स्त्रीचे हृदय नुकतेच ह्या विकारातून सावरत आहे, तिच्यासाठी तोच उपवास, विशेषतः चौविहार, दुहेरी जोखमीचा ठरतो. मृत्यूनंतर घरातील बायका पुण्यार्थ तप स्वीकारतात हेही येथे लक्षात घ्यावे. आघात आणि उपवास एकाच आठवड्यात येतात. दीर्घ तपानंतरचे पारणेही तितकेच जपून करावे लागते, कारण अन्न, विशेषतः गोड, एकदम पोटात गेले की पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस रक्तातून झपाट्याने खाली उतरतात. मुगाचे पाणी घोटघोट देऊन पारणे करण्याची वडीलधाऱ्यांची रीत ह्या दृष्टीने पुष्कळ शहाणी आहे.

पचक्खाणात आगार ठेवलेले असतात, आणि त्यांत चित्ताची समाधी टिकावी म्हणून तीव्र आजारात औषध घेण्याचा आगारही आहे, हे श्रावकांना सांगावे लागू नये. तरीही प्रत्यक्षात तपस्विनी स्वतः थांबायला तयार नसते आणि घरच्यांना तिला थांबवणे अंतराय वाटते. अशा वेळी डॉक्टरांचे मत कागदावर घेऊन ते चातुर्मासासाठी विराजमान साधू-साध्वींपुढे ठेवावे. उपवासाऐवजी एकासणे, किंवा आहार न सोडता स्वाध्याय, मौन आणि सामायिक, असा मार्ग त्यांच्याच मुखातून आला तर तो तिला स्वीकारता येतो. सामायिक हे ह्या विकारावरचे औषध आहे असा दावा मात्र कोणी करू नये. अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसल्याने नाडी संथ होते आणि मन शांत होते, एवढे पुरेसे आहे.

हृदयाचा आकार बहुतेकांत काही आठवड्यांत पूर्ववत होतो. त्यामुळे ‘पूर्ण बरे झाले’ असे सांगण्याची प्रथा होती. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथील डॉक्टरांनी २०१८ साली दाखवून दिले की आकुंचनशक्ती सामान्य दिसू लागल्यानंतरही काही रुग्णांत थकवा आणि स्नायूतील सूक्ष्म दोष दीर्घकाळ टिकतात. घरी परतलेली आई जिना चढताना दमते, तर ती आळस करत नसते. विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण १,७५० रुग्णांच्या नोंदीत वर्षाला १.८ टक्के होते, म्हणजे बहुतेकांना तो पुन्हा होत नाही. तो टाळण्याचे खात्रीचे औषध आजही नाही. रक्तदाबावरील विशिष्ट वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभरातील मृत्यू कमी आढळले. बीटा ब्लॉकर गोळ्यांनी मात्र अपेक्षित लाभ दिसला नाही. कोणती गोळी चालू ठेवावी हे हृदयरोगतज्ज्ञाने ठरवावे.

घरच्यांच्या हाती राहते ते कागद सांभाळणे. यंत्रातून निघणारी पट्टी बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. दुकानाच्या बिलाप्रमाणे ती वर्षा-दोन वर्षांत पुसट होते. म्हणून प्रत्येक पट्टीचे त्याच दिवशी छायाचित्र काढावे, त्यावर तारीख, वेळ आणि छातीत दुखणे सुरू होऊन किती तास झाले ते लिहावे. घरातील पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाची, काहीही त्रास नसतानाची एक पट्टी काढून ठेवली तर फारच उत्तम. आजच्या पट्टीतील बदल नवा की जुना हे ठरवताना डॉक्टरांना तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. ताकोत्सुबोच्या रुग्णाची पट्टी सुटीच्या दिवशी, त्यानंतर तज्ज्ञ सांगतील त्या भेटीत, आणि टी तरंग सरळ होऊन क्यूटी पूर्ववत होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढली जाते. इको तपासणी सहसा काही आठवड्यांनी होते. सुटीच्या कागदावर ‘अँजिओग्राफी नॉर्मल’ एवढेच लिहिलेले असेल, तर विकाराचे नाव आणि दुरुस्त क्यूटीचा सर्वाधिक आकडा त्यावर लिहून मागावा.